आक्कांचा फोनो, माझा स्टीरिओ

आक्का, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले आणि माझा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! त्यांना कुठं तुमच्याबरोबर एका छपराखाली अठ्ठावीस वर्षं काढावी लागली?

काल पगारे मास्तर येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, पुण्यानुमोदनाला एक लहानशी पुस्तिका काढतोय. आक्कांवर चार ओळी लिहून द्या." मी म्हटलं, "मास्तर, चार ओळींत त्या कधी मावल्या होत्या का?" तुमचं निफाडकडचं गाव, नगरपालिकेच्या शाळेतली नोकरी, किती वर्षं घंटा दिली, ते सगळं मास्तर लिहिणार आहेत. त्यांचं अक्षरही चांगलं आहे. मला ते लिहायचंच नाही. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

भांडण कुठलं? तेच. तुमचा चावीचा फोनो चांगला की आमचा स्टीरिओ चांगला.

ज्यांना माहीत नाही त्यांना आधी सांगते, तुम्ही मध्ये बोलू नका. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फोनो आधीच घरात होता. काळी पेटी, आत प्लेट, म्हणजे गाण्याची तबकडी, फिरायचं चाक, बाजूला चावीचा दांडा. जुन्या बाजारातून तुम्ही ती डोक्यावर घेऊन चालत आला होतात म्हणे. भोंगा वगैरे नव्हता, आवाज पेटीच्या पोटातूनच यायचा. वीस-पंचवीस फेरे चावी द्यायची, नवी पिन लावायची, प्लेट ठेवायची. प्लेटीची एक बाजू झाली की पिन फेकायची. एका बाजूला एक पिन, हा तुमचा कायदा. मी एकदा तीच पिन परत लावली तर तुम्ही मला दोन दिवस "पाव्हणी" म्हणत होतात.

मग सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात ह्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, स्टीरिओ आणला. विजेवर चालणारा, दोन स्पीकरवाला. ह्यांनी ते स्पीकर भिंतीला वर टांगले, एक डावीकडं, एक उजवीकडं. पहिलं गाणं लावलं आणि मी हातातलं शिवण खाली ठेवून बसूनच राहिले. तबला डाव्या भिंतीत, बाजाची पेटी उजव्या भिंतीत, आणि गाणारी बाई मधोमध, थेट कॅलेंडरमधून गात होती! ओळ सुरू करायच्या आधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला मला. श्वास, आक्का! तुमच्या फोनोत कधी कुणी श्वास घेतला होता का?

तुम्ही दारात उभ्या होतात. पदर खोचलेला, हात कमरेवर. गाणं संपेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "सुमन, ह्यात माणूसच नाय गं. नुसती भिंत गाती."

तिथं ठिणगी पडली. पुढं अकरा वर्षं धूर.

आता खरं सांगायचं तर, तुम्ही नाही आहात म्हणून सांगते, फोनोचंही काही अगदीच वाईट नव्हतं. त्याच्यात टाळ म्हणजे तव्यावर उलथणं आपटावं तसे वाजायचे, सनई म्हणजे नाक दाबलेलं पोर, आणि वर सतत ती खरखर, कढईत मोहरी टाकल्यासारखी. पण एकटा माणूस गायला लागला की मात्र तो माणूस खोलीत यायचा. स्टीरिओत गाणारा चांगले कपडे घालून, केस विंचरून यायचा. फोनोत तो घाम पुसत यायचा. हे मला तेव्हाच कळत होतं. पण तुमच्यापुढं कबूल करायचं म्हणजे जन्मभर ऐकून घेणं आलं. म्हणून नाही केलं.

आणि तुम्ही तरी सरळ होतात का? आधीच्या वर्षांत बाजारात पिना मिळेनाशा झाल्या तेव्हा तुम्ही गावाकडून बाभळीचे काटे आणायचात. पिशवीभर. लांबसडक, पांढरे, वाळलेले. टोक घासून काटा पिनेच्या जागी बसवायचात आणि काय गोड वाजायची प्लेट! मऊ, जरा लांबून आल्यासारखी. मी सगळ्या कॉलनीला सांगत फिरायचे, आमच्या आक्का काट्यावर गाणं वाजवतात. आणि मग स्टीरिओ आला त्याच सुमारास तुम्ही एकाएकी काटे बंद केलेत. "काटा नको. पिन बघ. जाड पिन." ह्यांना मुंबईला ऑफिसच्या कामाला जायचं असलं की तुमची एकच फर्माईश, जाड पिनांची डबी. जाड पिनेनं आवाज मोठा होतो आणि प्लेट लवकर झिजते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "अहो, प्लेटींचं वाटोळं होईल." तुम्ही म्हणालात, "प्लेट माझी, पिन माझी, तुझं काय जातंय?" मला वाटलं, स्टीरिओच्या आवाजाशी ईर्षा चाललीय बाईंची.

मला काय काय वाटत होतं, आक्का! आता एकेक आठवते आणि कपाळावर हात मारून घेते.

मास्तरांनी घेतलेली परीक्षा आठवते? एका रविवारी सकाळी ते म्हणाले, रोजची कटकट ऐकून कंटाळलो, आज निकाल लावू. दोन खिळ्यांना चादर बांधली, स्पीकर भिंतीवरून उतरवले, चादरीमागं टेबलावर दोन्ही मशीनं मांडली. आमच्या स्टीरिओत सुईची कळ उलटी केली की तुमच्या जुन्या प्लेटीही वाजायच्या. म्हणून प्लेट एकच, आधी एकावर लावायची, मग दुसऱ्यावर. तुम्ही अलीकडं खुर्चीवर. अर्धी कॉलनी दारात. पहिली वाजली. मास्तरांनी विचारलं, "आक्का, कुठलं मशीन?"

"फोनो."

होता स्टीरिओ! सगळे हसले. दुसरी वाजली. "आणि हे?"

"तोबी फोनो."

पोरीबाळी हसून हसून लोळल्या. मास्तर म्हणाले, "अहो आक्का, दोन्ही कसे फोनो असतील?" तर तुम्ही उठलात आणि म्हणालात, "चादर काढा. मला पेटीजवळ बसू द्या, मग सांगती." मास्तर म्हणाले, "मग परीक्षा कसली?" "मास्तर, लय परीक्षा बघितल्या मी. पोरं पास होवोत नायतर नापास, घंटा मलाच द्यावी लागती." झालं, परत हशा. चादर सुटली, परीक्षा बुडाली. तुम्ही जाऊन पेटीशेजारी खाली बसलात, झाकणावर तळहात ठेवलात आणि डोळे मिटलेत. तुमची नेहमीची बैठक. शाळेत घंटा देऊन झाली की तशीच पितळेवर हात टेकून उभ्या राहायचात, नाद विरेपर्यंत. मी म्हटलं, बघा, हरल्या तरी रुबाब कसा आहे.

आणि आता सुजाताच्या प्लेटीचं.

हे लिहावं की नाही, मी कालपासून विचार करत होते. सुजाता माझी एकुलती एक लेक, पण वाढवली तुम्ही. मी दिवसभर शिलाई मशीनवर, पोर तुमच्या मांडीवर. तिला अक्षर तुम्ही शिकवलं. मलाही तुम्हीच शिकवलं, हेही इथं लिहिते. वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून जे कानावर पडलं ते तुम्ही संध्याकाळी घरी आणायचात आणि आम्हा दोघींना पाटीवर वाढायचात. आज हा कागद मी भरतेय तो त्याच्याच जोरावर. म्हणून तर तुमच्याच अक्षरांनी तुमच्याशी भांडतेय.

तर सुजाता चौदा वर्षांची असताना चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांचा एक संच मुंबईला एका लहानशा कंपनीत रेकॉर्ड झाला. आपल्या कॉलनीतल्या सहा मुली कोरसला गेल्या होत्या. एका गाण्यात दोन ओळी सुजाताला एकटीला मिळाल्या. प्रत्येकीला एकेक प्लेट भेट आली. छोटी, चकचकीत, निळ्या लेबलाची. आमच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मी हात धुऊन, पुसून, प्लेट लावली. सुजाताच्या दोन ओळी आल्या. बारीक, सरळ, कुठं न थरथरता. त्याच्या आधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही भिंतीवरच्या स्पीकरकडं बघत होतात, कोऱ्या चेहऱ्यानं. गाणं संपल्यावर तुम्ही मला विचारलंत, "झाली का तिची ओळ?"

मला वाटलं, टोमणा मारलात. माझ्या लेकीला, माझ्या मशीनला, एका दगडात दोन्हींना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आक्का, जळतं कुणाकुणाचं."

आठवड्याभरानं मी शिवलेले ब्लाउज पोहोचवून घरी आले तर ती निळ्या लेबलाची प्लेट तुमच्या फोनोवर! लोखंडी जाड पिनेखाली! अहो, ती नाजूक प्लेट, तिच्यावर ती पिन म्हणजे गालिच्यावर नांगर. त्यात फोनोचा वेग जवळजवळ दुप्पट. मी ती ओढून घेतली, स्टीरिओवर लावली. जिथं सुजाताच्या दोन ओळी होत्या तिथं नुसती वाळू. मागंपुढं बाकीचं गाणं शाबूत, तिच्याच ओळींवर वाळू. सुजाता भिंतीला टेकून बसलेली, मान खाली. मी विचारलं, "काय केलंत हे?" तुम्ही म्हणालात, "लावून बघितली. तुझ्या डब्यापरीस माझ्या पेटीत बरी वाटली."

चार महिने मी तुमच्याशी बोलले नाही. चार महिने! मी, जी झोपेतसुद्धा बोलते असं हे म्हणतात. ताट वाढायचे आणि भिंतीला सांगायचे, "जेवण झालंय." शेवटी मलाच घास उतरेना. एक दिवस तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुमच्या पेटीची स्प्रिंग कुरकुरतेय." तुम्ही मान वर केलीत. "कुरकुरंना का. तुझ्या डब्यासारखी मुकी तर नाय." आणि आपण दोघी परत माणसांत आलो. पण प्लेटीचं ना तुम्ही काढलंत, ना मी. मी ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि मनाच्याही.

आता परवाची गोष्ट ऐका. सुजाता इंदिरानगरहून आली. संसारी बाई झालीय आता, पण तुमच्या खोलीत शिरली आणि लहान पोरीसारखी पेटीजवळ मांडी घालून बसली. म्हणाली, "आई, आत्याचा फोनो मी नेऊ?"

मी म्हटलं, "ने बाई. ज्याच्यावर तुझा आवाज नांगरला गेला तो हौसेनं ने."

तिनं झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, ती प्लेट मी लावली होती."

"तू?"

"आत्यानं सांगितलं म्हणून. तिला माझी ओळ ऐकूच आली नव्हती. तिला बारीक आवाज ऐकू यायचे नाहीत गं. ती एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, जाड उरलेत, तेही हळूहळू जातील. पेटीवर हात ठेवला की गाणं तिच्या हातात यायचं. स्पीकर तर वर भिंतीवर. तिथं ती हात कुठं लावणार?"

मी खाली बसले, आक्का.

सुजाता सांगत होती. पहिल्यांदा प्लेट लावली तेव्हा सगळं चिमण्यांसारखं चिवचिवलं. मग तुम्ही बोट टेकवून प्लेटीचा वेग कमी केलात. दुसरा तळहात पेटीवर. पोरीला म्हणालात, तुझी ओळ आली की मला कोपर मार. तिनं कोपर मारलं. तुम्ही म्हणालात, "आली. आली बघ. तू आलीस." आणि मग, "परत लाव." परत. परत. तेवढ्याच दोन ओळी. पाच वेळा. तेवढ्यात मी दारात.

"मग मला का नाही सांगितलंत? दोघींनी?" मी सुजातावरच ओरडले. तुमच्यावर ओरडायला तुम्ही नव्हता ना.

"आत्यानं शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या आईला कळलं की ती भांडायची थांबेल. बिचारी आक्का, बिचारी आक्का करंल. मला बिचारी नाय व्हायचं. आणि आधीच तिचा आवाज लय मोठा, त्यात ओरडून बोलायला लागली तर कॉलनीनं कुठं जावं?"

घ्या! म्हणजे सगळा दोष तुमच्या माथी, चार महिन्यांचा अबोला तुमच्या ताटात, आणि वर माझ्या आवाजावर टोमणा! असं कुणी करतं का, आक्का?

तेव्हापासून मी एकेक गाठ उलटी सोडवत बसलेय. मी शिलाई मशीनवर पाठमोरी बसून बोलायचे आणि तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. मी म्हणायचे, सरकारी नोकरीची पेन्शन आहे ना, गुर्मी असणारच. तुम्ही म्हणायचात, "तोंड इकडं करून बोल, भिंतीशी काय बोलती?" मला वाटायचं, वळण लावताय. संध्याकाळी लाईट गेली की तुम्ही बोलायच्या थांबायचात. मला वाटायचं, कंटाळा आला माझा. अहो, तुम्ही माझे ओठ वाचत होतात! अकरा वर्षं मी बडबडत होते आणि तुम्ही त्यातलं निम्मं बघून, निम्मं अंदाजानं, तरी प्रत्येक वेळी मला तोडीस तोड उत्तर देत होतात. ऐकू येणाऱ्यांनाही माझ्यापुढं हे जमलं नाही. ह्यांना विचारा.

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, जळतं कुणाकुणाचं. ते तरी नेमकं ओठांवरून कळलं नसेल अशी आशा करते. पण कळलं असणार. माझे ओठ तुम्हाला पाठ होते.

खरंच थांबले असते का मी भांडायची? रागानं सुजाताला म्हटलं, मुळीच नाही. मग विचार केला. थांबले असते, आक्का. बोलण्यातले काटे काढून टाकले असते, गोड बोलले असते, स्टीरिओ उचलून तुमच्या मांडीजवळ ठेवला असता, आणि येईल-जाईल त्याला सांगितलं असतं, हळू बोलू नका हं, आमच्या आक्कांना ऐकू येत नाही. तुम्ही मला ओळखून होतात. तोच तर राग आहे माझा. मी तुम्हाला ओळखलं नाही आणि तुम्ही मला इतकं ओळखलंत.

सुजाताला मी फोनो दिला नाही. स्टीरिओ दिला. दोन्ही स्पीकर भिंतीवरून उतरवून रिक्षात ठेवून दिले. ती चक्रावली. "आई, चांगलं मशीन मला देतेस आणि जुनं ठेवतेस?" मी म्हटलं, "चांगलं आहे म्हणूनच देतेय. आणि ह्या फोनोची पिन दर बाजूला कुणीतरी बदलायला नको का?"

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. पंचवीस फेरे चावी दिली. तुमच्या डबीत सात जाड पिना उरल्यात, त्यातली एक लावली. तुमची आवडती जुनी प्लेट ठेवली. मग दोन्ही कानांत कापूस घातला, चांगला घट्ट, वरून डोक्याला फडकं बांधलं. आणि तळहात झाकणावर ठेवला, तुम्ही ठेवायचात तिथंच. तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय, हे मला पहिल्यांदाच दिसलं. आधी काहीच नाही. मग बोटांच्या मुळाशी काहीतरी हललं. मग मनगटात. गाणारा माणूस माझ्या हातातून वर यायला लागला, आक्का, कोपरापर्यंत आला. त्याला टाळ नव्हते, तबला नव्हता, श्वास नव्हता. पण होता तो. मी बाजू संपेपर्यंत हात काढला नाही.

मग कापूस काढला, पिन फेकली आणि तुमच्या फोटोसमोर येऊन उभी राहिले. पाठमोरी नाही. खिडकी पूर्ण उघडली, उजेड तोंडावर घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. इथं लिहितेही, म्हणजे नंतर म्हणायला नको की कळलं नाही.

आक्का, तरीसुद्धा स्टीरिओच चांगला.

द्या उत्तर.